मेजावर एकच डबा

मेजावर दोन डबे होते. दोन्ही उघडे.

ओन्नी कोस्केला मागच्या खोलीच्या दारातच थांबला. फडकं हातातच राहिलं. समोरच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरातली पाटी होती: मेजावर एकच डबा. लेक सायमी बारा वर्षांची असताना तिनं हा नियम एकदा मोडला होता. त्या साली त्यानं तिला शिकारीला नेलं नव्हतं.

डाव्या डब्यात हरणाच्या रायफलीची दारू, सावकाश जळणारी. उजव्यात पिस्तुलाची, भडकन पेटणारी. दोन्ही करड्या, दोन्ही मोहरीहून बारीक. पिस्तुलाची दारू चुकून रायफलीच्या काडतुसात गेली, तर बंदूक फुटते. गालाशी धरलेली असताना फुटते.

सकाळी त्यानं वीस काडतुसं भरली होती. त्यांचा खोका मघाशी सायमीनं मेजावरून स्वतःच उचलला होता. आता तो तिच्या कोटाच्या डाव्या खिशात होता. उद्या पहाटे शिकारीचा हंगाम सुरू होणार होता.

त्यानं वही उघडली. पारा दोन दिवसांत शून्याच्या बराच खाली गेला होता. अशा थंडीत सावकाश जळणारी दारू काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या साध्या टोपीच्या ठिणगीला दाद देत नाही. म्हणून यंदा जास्त जोरदार ठिणगीची टोपी बसवावी का, यावर सकाळी तो तासभर घुटमळला होता. तो तास त्याला लख्ख आठवत होता. वहीत टोपीच्या नावाखाली दोन रेघा होत्या. दारूचा रकाना कोरा होता.

माप पुसलेलं. तराजू पुसलेला. कोणत्या डब्यात किती उरली होती, हे लिहून ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती.

“बाबा, कॉफी गार होतेय!”

तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. सायमीनं वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. एरवी ती उभ्या उभ्या दोन घोट घेऊन निघायची. आज तिनं दुसऱ्यांदा कप भरला.

“यंदा तरी हरणाला मार,” तो म्हणाला. “गेल्या साली बर्चच्या झाडाला मारलंस.”

“ते झाड तुम्हीच मला शिंगाळं म्हणून दाखवलंत.”

तो हसला. हसू लगेच विरलं.

एप्रिलमध्ये तो चर्चमधून घरी यायला निघाला आणि चाळीस मैलांवरच्या दुसऱ्याच गावात पोचला. त्याच संध्याकाळी सायमीनं गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. आता तोंड उघडलं, तर काडतुसं भरायची मागची खोलीही ती बंद करणार. मग उरणार खिडकी आणि टीव्ही. हात चुकत नाहीत, त्यानं स्वतःला बजावलं. पन्नास वर्षांचे हात आहेत.

मग दुसरा डबा कोणी उघडला?

“बर्फ वाढायच्या आत निघ,” तो म्हणाला.

“निघते की. घाई काय आहे?”

तिनं बुटांची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. उजवा हात सारखा खिशात जात होता आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. गाडीच्या किल्ल्या असाव्यात. ओन्नी उठला, चूल बघून आला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. ती कधी एकदा जाते असं त्याला झालं होतं. आणि ती जाऊ नये असंही.

शेवटी ती गेली. दार लागलं. गाडीचं इंजिन सुरू झालं. ओन्नी खिडकीशी उभा राहिला. गाडी हलेना. इंजिन तापायला एवढा वेळ लागत नाही. काच खाली होती, सायमी समोर बघत बसली होती.

तो घरातल्या सपातांवरच बर्फात उतरला.

“सायमी, खोका दे.”

“का?”

“त्यात काय भरलंय, मला माहीत नाही.” त्याच्या तोंडातून वाफ निघाली. “दोन डबे उघडे आहेत. मला आठवत नाही.”

तिनं इंजिन बंद केलं. डाव्या खिशातला खोका काढून त्याच्या हातात ठेवला.

“डबे मी मघाशीच बघितले,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस? आणि तशीच निघाली होतीस?”

“उद्याची काडतुसं मी रविवारीच घरी भरून ठेवलीत, बाबा.”

तो खोक्याकडे बघत राहिला. सपाता भिजल्या होत्या.

“पाय गारठतील, आत जा,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात येते. मग वीसच्या वीस काडतुसं खोलू. मी गोळ्या उपटते, तुम्ही दारू ओता. यापुढं भरायला बसाल ते मी समोर असतानाच.”

“अर्धा तास कुठं चाललीस?”

सायमीनं उजव्या खिशात हात घातला. आतून एक नवं कोरं कुलूप निघालं. दोन्ही किल्ल्या अजून तारेत ओवलेल्याच होत्या.

“हे परत करून येते,” ती म्हणाली. “दुकान पाचला बंद होतं.”