फिर्यादी

पेट्रोलपंपाची टाकी गळली आणि पेट्रोलमधलं रसायन शेजारच्या विहिरीत उतरलं. ते खाणारे जिवाणू शास्त्रज्ञबाईंनी तिथल्या मातीत सोडले. जिवाणूंना जगायला हवा लागते, पण हवेचं यंत्र रोज कुणीतरी बंद करून जाई. बाईंचा संशय पंपमालकावर होता. शेवटी बाई आडोशाला दबा धरून बसल्या, तर बटणावर हात सापडला विहिरीच्या म्हाताऱ्या मालकिणीचा.

“मावशी, अहो, तुमचंच पाणी शुद्ध होतंय ना?”

“म्हणूनच बंद करते. शुद्ध झालं तर त्या मेल्याविरुद्ध कोर्टात दाखवू काय?”

“निकालाला वर्षं लागतील. तोवर पिणार काय?”

“हेच पितेय,” मावशी थंडपणे म्हणाल्या. “थोडा पुरावा पोटातही असू दे.”