गुडघ्याशी बांधलेली माळ

खंडेनवमीच्या सकाळी गोदामभर झेंडूचा वास होता. रॅकच्या खांबाखांबाला डोळ्यांच्या उंचीवर माळ होती. एकाच खांबाची तेवढी गुडघ्याशी.

सुपरवायझर रखमाताई थबकल्या. माळ बाजूला सारली, तर खांब पोचा पडून आत वाकलेला. वर तीन कप्पे तेलाच्या डब्यांनी भरलेले आणि खाली आरतीला जमलेल्या पॅकिंगच्या बाया.

"काय हो भिवादादा, गुडघ्याला हार घालायची रीत कुठली?"

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या भिवादादांची मान खाली गेली. "काल वळताना धक्का लागला, ताई. म्हटलं, सणाला विघ्न नको. उद्या सांगणार होतो."

"खांबाला काय ठाऊक, आज सण आहे?" ताईंनी बायांना लांब नेलं. "आधी रॅक रिकामा, मग आरती."

भिवादादांनी फोर्कलिफ्टने वरपासून डब्यांचं एकेक पॅलेट उतरवलं, पाळण्यातलं झोपलेलं लेकरू उचलावं तसं. शेवटचं टेकलं तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

रखमाताईंनी वाकलेल्या खांबाला धोक्याची लाल फीत बांधली आणि त्याची माळ भिवादादांच्या मनगटांना गुंडाळली.

"आज तुमच्या हातांची पूजा. तोंडाची पुढच्या वर्षी, वेळेवर उघडलं तर!"

हसत हसतच बायांनी आरती धरली.