बाथरूमची कडी

"बोल," आईने बाहेरून दारावर टिचकी मारली.

त्याने डोक्यावर तांब्या ओतला. तोंडात साबणाचा फेस गेला. "सतरा सक्कं एकशे दोन," तो ओरडला. "सतरा सत्ते एकशे सतरा."

"एकोणीस," आई म्हणाली.

चौतीस वर्षांचा बाप्या माणूस आणि अंघोळीला पाढे. गाणं येत नाही म्हणून पाढे. जरा गप्प बसला की आई दार ढकलून आत बघणार, आणि दार ढकललं की उघडणार, कारण त्याला कडीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच बाथरूममध्ये तो दंडात सुई टोचून पडला होता. शेजाऱ्याने खांद्याने दार फोडलं, तेव्हा कुठे वाचला. तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायच्या आदल्या दिवशी नवं दार बसलं, ते बिनकडीचं. त्याला आता दीड वर्ष झालं. एकदाही पाय घसरला नाही, तरी कडी नाही ती नाहीच.

वैताग यायचा तो यासाठी, की तो स्वतः सुतार होता. नव्या इमारतींत दारं बसवायचा. लोकांच्या बाथरूमना दिवसाला आठ-आठ कड्या लावायचा. चोवीस घरांच्या किल्ल्या त्याच्या हवाली करून मिस्त्री खुशाल जेवायला जायचा. घरी मात्र तो अजून पेशंटच. कडी लागेल त्या दिवशी आपण बरे झालो, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्यात ती बादली. रोज सकाळी आई आणि बहिणीची अंघोळ उरकली की तो आत शिरायचा आणि काठोकाठ भरलेल्या बादलीवर अंगठा आपटून घ्यायचा. नळ त्या कोपऱ्यात, बादली इथे दाराशी. "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ," असं करवादत तो ती नळाखाली सरकवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो हत्यारांची पिशवी घेऊन आईपुढे उभा राहिला. "आज कडी लागेल, नाहीतर मी मिस्त्रीकडे राहायला जातो."

आईने पिशवीतली कडी काढून त्याच्या हातात दिली. "बसव," ती म्हणाली.

पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं. दहा मिनिटांत कडी बसली. त्याने दोनदा सरकवून पाहिली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि तेवढ्यात आईच आत शिरली. आतून कडी लागली. बहीण आपला टॉवेल घेऊन दाराशी येऊन थांबली.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पाण्याचा आवाजसुद्धा येईना. त्याने दारावर टिचकी मारली. "आई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? बसलेय निवांत," आतून उत्तर आलं.

तो भडकलाच. "म्हणजे कडी मी बसवायची आणि नंबर माझाच शेवटी? दीड वर्ष बिनकडीचं काढलंय मी."

बहिणीने शांतपणे टॉवेल या हातातून त्या हातात घेतला.

"आणि आम्हा दोघींना काय वेगळं दार होतं?" ती म्हणाली. "ती भरलेली बादली दाराला कशाला लावायचो आम्ही, दादा?"