रजिस्टरातलं एकच नाव

पाद्री उजगरे चर्चच्या पायरीवर पोचले आणि घंटा वाजू लागली. प्रार्थनेला अजून तासभर अवकाश होता. शिवाय या गावच्या रजिस्टरात ख्रिस्ती माणूस एकच, वच्छलाबाई. मग घंटा कोणासाठी, असं मनात येतंय तोवर चहूकडून माणसं धावत आली.

दोघांनी चर्चमधला लांब बाक उचलून बैलबंडीत ठेवला. त्यावर गादी पडली. बाळंतपणाच्या कळांनी कण्हणाऱ्या एका बाईला त्यावर निजवलं. तिचा नवरा लालसू बैल हाकायला बसला, लहानू नावाचा पोरगा सायकल घेऊन मागे निघाला आणि बंडी ब्रह्मपुरीच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा. चष्मा दोऱ्यानं बांधलेली एक म्हातारी बाई सगळ्यांना हुकूम सोडत होती.

"वच्छलाबाई?" पाद्र्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या मुखरू नावाच्या माणसाकडे. मुखरू स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"या साहेब," बाई म्हणाल्या. "उन्हाचे आले. पाणी घ्या."

पाद्री चंद्रपूरला बदलून आले त्याला चारच महिने झाले होते; त्यांच्या आधीचे पाद्री तर कित्येक वर्षांत या गावी फिरकले नव्हते. चौऱ्याऐंशीचा मे महिना अंग भाजून काढत होता आणि त्यांच्या पिशवीत मिशनच्या मंडळाचं पत्र होतं. चर्च बंद करायचं. घंटा, बंडी आणि औषधांचं कपाट ब्रह्मपुरीला न्यायचं, इमारत विकायची. वच्छलाबाईंना वसतिगृहात एक खोली द्यायची. एका माणसासाठी चर्च चालवत नाहीत, हे त्यांनाही पटलेलं होतं. वाईट बातमी लवकर सांगावी म्हणून त्यांनी पाणी पिता पिताच ती सांगून टाकली.



"घंटा नेली तं आमी हाक कोणाले माराची?" पडवीत बसलेल्या मुखरूनं विचारलं.

"तुम्ही कोण?"

"मी बौद्ध, साहेब. लालसू गोंड, त्याचा देव वेगळा. पण रविवारी सारे इथीच जमतो. कोणाच्या घरी दुखणं, कोणाच्या छपराचे कवेलू फेराचे राह्यले, ते इथीच ठरते." मग तो बाईंकडे वळून हळूच म्हणाला, "सांगून टाकू काय?"

"आधी जेवू दे त्याइले."

"काय सांगायचंय?" पाद्र्यांचे कान तिखट होते.

"बाकाचा पाय हालते, साहेब," मुखरू घाईनं म्हणाला.

प्रार्थनेला चर्च गच्च भरलं. बाक गेला म्हणून माणसं चटईवर बसली. कोणी हात जोडले, कोणी जमिनीला कपाळ टेकवलं, कोणी नुसतंच ऐकलं. बाई दाराशी बसल्या होत्या. त्यांच्या पदराच्या गाठीत झेंडूची फुलं होती. गाणं मात्र सगळ्यांना पाठ होतं आणि ते असं दणक्यात म्हटलं गेलं की चंद्रपूरच्या गायकमंडळानं लाजावं.

जेवायला भात आणि चिचव्याचं, म्हणजे चिंचेचं, सार होतं. पाद्री मऊ आवाजात म्हणाले, "तुमचं पत्र दर महिन्याला येतं. कोणाला ताप, कोणाला मुलगी झाली. खाली 'वच्छला' वाचलं की बरं वाटतं. एवढी वर्षं एकट्यानं हे सगळं केलंत."

"एकटं कोणीच नोहतं, साहेब," बाई म्हणाल्या. "भात घ्या अजून."

तेवढ्यात घामानं चिंब झालेला लहानू सायकलवरून आला. पडवीपासूनच ओरडला, "पोरगी झाली! दोघी बी चांगल्या हायेत!"

मुखरूनं धावत जाऊन घंटेला तीन टोल दिले. घराघरांतून बाया बाहेर आल्या आणि आपल्याच घरी पाळणा हलल्यासारख्या हसू लागल्या. पाद्र्यांचा घास हातातच राहिला. वीस वर्षांत त्यांनी मोठी मोठी चर्चं पाहिली होती, संगमरवरी फरशीची, परदेशी ऑर्गनची. पण आपण पाद्री आहोत याचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. पिशवीतल्या पत्राची त्यांना लाज वाटली.

हात धुऊन त्यांनी रजिस्टर मागितलं. एकुलत्या एका नावाखाली लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "वच्छलाबाई या गावात आहेत तोवर हे चर्च बंद होणार नाही, इथली एकही वस्तू हलणार नाही. मंडळाशी मी बोलेन."

"तारीख टाका," बाई म्हणाल्या.

त्यांनी तारीख टाकली.

"सही."

त्यांनी हसत सही केली. बाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग पदराची गाठ सोडत म्हणाल्या, "आता चला. तुमाले खोटं सांगून पाठवाचं नाई मले."

चर्चमागे मोहाच्या झाडाखाली चुना दिलेलं एक थडगं होतं. पाद्र्यांनी टोपी काढली.

"तुमचे यजमान?"

बाईंनी वाळकी पानं हातानं बाजूला सारली, फुलं वाहिली आणि त्या सरकून उभ्या राहिल्या. दगडावर ओबडधोबड अक्षरं कोरलेली होती. वच्छलाबाई, मिशनची नर्स. खाली साल होतं, १९७७.

"मी अंजना, साहेब. मुखरूची बहीण, बौद्धच. लिहाले बाईनंच शिकवलं मले," त्या म्हणाल्या. "गावात ख्रिस्ती ह्या एकट्याच. अन् ह्या आता गाव सोडून कुठी जात नाई."