रेडिओचा हिरवा डोळा

रेडिओ मजेत गात होता, पण हंबीररावांनी भिंतीकडं केलेलं तोंड काही वळवलं नाही.

"आवाज झ्याक हाय की, मावशी," गुंडा म्हणाला. कडेगावात रेडिओ दुरुस्त करणारा तोच एक. "नुसता डोळा गेलाय. स्टेशन लागलं की मिटायचा त्यो हिरवा दिवा."

"त्यास्नी डोळाच पायजे, बाबा," धोंडुबाई म्हणाल्या. लकव्यानं नवऱ्याची वाचा गेल्यापासून रोज दिवेलागणीला दोघं त्या हिरव्या उजेडाकडं बघत बसायचे. तेवढंच काय ते बोलणं उरलं होतं. परवा डोळा विझला आणि हंबीररावांनी घास घेणंच सोडलं. बाई मनातून पार घाबरल्या होत्या.

"त्यो डोळ्याचा व्हॉल्व्ह बनवायचाच बंद झालाय. सांगलीत ईचारलं, न्हाई मिळत." गुंडानं डोकं खाजवलं. मग बॅटरीचा बल्ब काढून स्पीकरच्या तारांना जोडला. गाण्याबरोबर बल्ब थरथरायला लागला, पण पिवळाधमक. हिरवा कागद लावला, तो करपला. सोड्याच्या बाटलीची काच लावली, तर उजेडच बुडाला.

"पातळ हिरवी काच पायजे," असं म्हणताना त्याची नजर बाईंच्या हाताकडं गेली आणि त्यानं ती चटकन वळवली. दोन्ही हातांत मिळून एकच हिरवी बांगडी उरली होती, उजव्या मनगटात. बाकीच्या उसाचा पाला काढताना वाढलेल्या, आणि कासार यायचा बाजाराच्या दिवशी. नवरा असा अंथरुणावर असताना बाईनं हात मोकळा करायचा?

"म्या काय बी म्हनलो न्हाई, मावशी."

धोंडुबाईंनी देवळीतल्या दिव्याला हात जोडले. मग पाट्यावर मनगट टेकवलं आणि स्वतःच बांगडी वाढवली.

गुंडानं खाली मान घालून तुकडे वेचले, डोळ्याच्या भोकात बल्बपुढं शेजारी शेजारी मेणानं बसवले. बाहेर अंधारून आलं होतं. रेडिओच्या कपाळावर हिरवा उजेड लागला आणि गाण्याच्या लयीत उघडझाप करू लागला. घोंगड्याच्या कडेवर फिकट हिरवं काहीतरी हलत राहिलं.

हंबीररावांनी तोंड वळवलं. उजेडाकडं बराच वेळ पाहिलं. मग घास घेऊन पुढं आलेल्या मोकळ्या मनगटाकडं पाहिलं.

चालता असलेला डावा हात त्यांनी सावकाश उचलला. अंगठ्याचं आणि बोटाचं कडं करून बाईंच्या मनगटाभोवती घातलं, आणि ते तसंच धरून घासासाठी तोंड उघडलं.