कागदाच्या पुड्या

पहाटे शेगडीत कोळसा टाकला की सगळं घर उठून बसेल असा खडखडाट व्हायचा. अंथरुणाला खिळलेली बायको त्या आवाजानं जागी होऊन हाक मारायची आणि तिची कूस बदलण्यापासून सुताराचा दिवस सुरू व्हायचा. शेवटी त्यानं युक्ती काढली. झोपण्याआधीच कोळशाच्या कागदी पुड्या बांधून ठेवायच्या आणि पहाटे एकेक पुडी हातानं अलगद शेगडीत ठेवायची. शेगडी गप्प झाली.

"बायकोच्या झोपेला किती जपता हो दादा," शेजारीण म्हणाली. "आमच्या ह्यांना शिकवा जरा."

तो नुसता हसला. खरं तर हाक येण्याआधी तासभर एकट्यानं चहा पीत बसायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं.

आज चहा संपवून तो आत गेला, तर ती टक्क जागी होती आणि अंगाखालची चादर केव्हाचीच ओली झालेली.

"अगं, मग हाक का नाही मारलीस?"


"कोळशाचा वास आला की रोज कळतं मला, तुम्ही उठलात ते. म्हटलं, बसू दे माणसाला घटकाभर निवांत."