दोन गाण्यांमधली बेल

कधीच न गाजलेल्या एका अमेरिकन गायिकेची ती सोल गाण्यांची रेकॉर्ड. जामबागच्या कॉलेजात असताना तिच्यापायी हर्षवर्धन मित्रांशी भांडला होता. आज इतक्या वर्षांनी त्याने ती पुन्हा लावली. आवाज तसाच, काळजाला हात घालणारा.

दुसरं गाणं संपलं आणि दाराची बेल वाजली. त्याने दार उघडून विचारलं, "कोण?" जिन्यात दुपारच्या उन्हाशिवाय कोणी नव्हतं.

"तुझ्या रेकॉर्डमधलीच असेल," त्याची बायको त्रिवेणी स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्याला चैन पडेना. त्याने सुई मागे नेऊन ठेवली. गाणं संपलं. बेल वाजली. मग चपला फरफटल्या, कडी निघाली आणि रेकॉर्डमधून त्याचाच आवाज आला, "कोण?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग त्या खरखरीतून कुणीतरी म्हणालं, "मीच. येऊ का आत?"

"या ना," रेकॉर्डमधली त्रिवेणी म्हणाली.

त्याने घाईघाईने सुई उचलली.

त्रिवेणी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये उस्मानिया बिस्किटं होती आणि तीन कप. एक तिने त्याच्या हातात दिला.

"साखर चालते ना तुम्हाला?" त्याच्या खांद्यावरून मागे बघत तिने विचारलं.